देवळालीचे गणितमास्तर आणि संगणकाचा ताळा

दरेकसा (जि. गोंदिया) : मुंबई-हावडा लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द संपत आली की दरेकसा हे लहानसे स्थानक लागते. सालेकसा तालुक्यातील या परिसरात एकीकडे हाजरा फॉल, काही अंतरावर कचारगडच्या गुहा आणि भोवताली जंगल. पुढे बोगदा आणि त्यापलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात पर्यटक येतात, माघी पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या यात्रेसाठी गोंड भाविक येतात. एरवी या स्थानकावरून रात्रंदिवस धडधडत जातात त्या मालगाड्या. थोडा वेळ फलाटावर उभे राहिले तरी वाघिणींची लांबच लांब रांग डोळ्यांसमोरून सरकते आणि प्रत्येक वाघिणीच्या अंगावर एक अकरा आकडी क्रमांक रंगवलेला दिसतो.

या क्रमांकातील पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढील दोन ती कोणत्या रेल्वेच्या मालकीची हे सांगतात, त्यानंतरचे दोन बांधणीचे वर्ष आणि मग चार अंकी अनुक्रमांक. अकरावा अंक मात्र वाघिणीविषयी कसलीच माहिती देत नाही. तो आधीच्या दहा अंकांचा ताळा असतो. एकाआड एक अंकांची बेरीज तिप्पट करायची, उरलेल्या अंकांची बेरीज तीत मिळवायची आणि पुढील दशकापर्यंत जितके कमी पडतात तितका शेवटचा अंक लिहायचा. एखाद्या कारकुनाने नोंदवताना एक अंक चुकवला तर हिशेब जुळत नाही आणि चूक तेथेच पकडली जाते.

ताळा हा शब्द शाळेत गणित शिकलेल्या जुन्या मराठी माणसाला नवा नाही. गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी नवाचा ताळा करण्याची पद्धत पिढ्यान्पिढ्या चालत आली. संख्येतील अंकांची बेरीज करायची, बेरीज दोन अंकी आली तर तिचेही अंक पुन्हा मिळवायचे, एक अंक उरेपर्यंत. संगणकाच्या संचालन प्रणालीचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो आज हेच करतो. इंटरनेटवरून आलेल्या माहितीच्या पाकिटाची बेरीज करतो आणि पाकिटासोबत आलेल्या ताळ्याशी ती जुळते का ते पाहतो. फरक वेगाचा आहे. शाळेतला विद्यार्थी दिवसाला दहा-वीस ताळे करील, मोठ्या सर्व्हरला सेकंदाला लाखो पाकिटे हाताळावी लागतात. त्यामुळे ही साधी बेरीज जलद कशी करावी हा प्रश्न गेली चार दशके प्रोग्रामरांना पुरून उरला आहे.

या प्रश्नाच्या मुळाशी असलेले अंकगणित ज्या मराठी माणसाने आयुष्यभर, निव्वळ हौसेने आणि बहुतांशी पदरमोड करून उकलले, त्याचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांचा संगणकाशी संबंध नव्हता आणि कर्नल लिहिणाऱ्यांनी त्यांच्या पुस्तिका वाचल्या होत्या असेही नाही. तरीही हे दोन रस्ते कोठे एकत्र येतात हे पाहण्यासारखे आहे.

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाला उच्च गणित लागत नाही, पण आकडेमोडीचा हात मात्र लागतो आणि तो या मुलाला घरातच मिळाला. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. तेथेच त्यांना अंकांच्या कोड्यांची गोडी लागली आणि ती जन्मभर सुटली नाही. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ साली त्यांच्या एका स्वतंत्र गणिती लेखनाला रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळाली. पुढचे शिक्षण झाले नाही. पदव्युत्तर पदवी नाही, संशोधनाचे रीतसर प्रशिक्षण नाही, मार्गदर्शक नाही. १९३० मध्ये ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये तेथूनच निवृत्त झाले. मधल्या बत्तीस वर्षांत बदली नाही, बढतीच्या कहाण्या नाहीत. चरित्रकाराला सांगण्यासारख्या घटना जवळजवळ नाहीतच. जे घडले ते सारे कागदावर, पेन्सिलीने.

रेल्वेने मात्र त्यांना एक नाव दिले. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मार्गावर डोंबिवलीचे स्थानक होते. तेथे त्यांच्या मनात एका प्रकारच्या संख्यांचा विचार आला म्हणून त्यांनी त्या संख्यांना डेमलो हे नाव दिले. १६५, १६६५, १६६६५ या संख्या पाहा. पहिला आणि शेवटचा अंक मिळवला की मधला अंक येतो, तो कितीही वेळा लिहिलेला असो. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात या संख्यांची उपपत्ती प्रसिद्ध केली. उपनगरी गाडीची वाट पाहणाऱ्या किती लोकांनी स्थानकाचे नाव गणितात नेले असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो तो आकडा ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. १९४७ घेतले तर ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२; पुढे ६३५४, मग ३०८७, मग ८३५२ आणि पाचव्या पायरीला ६१७४. त्यानंतर कितीही वेळा केले तरी ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथे येऊन थांबते. कापरेकरांना हे १९४६ मध्ये सापडले, १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले आणि पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकातून ते परदेशी वाचकांपुढे गेले.

या गमतीत ताळ्याचे एक मर्म दडलेले आहे. एकाच संख्येचे अंक कसेही उलटसुलट मांडले तरी अंकांची बेरीज बदलत नाही, म्हणून अशा दोन मांडण्यांतील फरकाला नऊने नेहमीच पूर्ण भाग जातो. ६१७४ म्हणजे नऊ गुणिले ६८६. याचीच दुसरी बाजू अशी की, निव्वळ अंकांच्या बेरजेचा ताळा ४७ च्या जागी ७४ लिहिले गेले तर गप्प बसतो. रेल्वेने एकाआड एक अंक तिप्पट केले ते याचसाठी. ४ आणि ७ चे तिप्पट मिळून पंचवीस होतात, ७ आणि ४ चे तिप्पट मिळून एकोणीस. एककाचा अंक बदलला, चूक सापडली. तरी हाही ताळा परिपूर्ण नाही. १६ चे ६१ झाले तर एकदा एकोणीस येतात, एकदा नऊ, आणि एककाचा अंक तोच राहतो. पाचाचा फरक असलेले शेजारचे अंक अदलाबदल झाले की रेल्वेचा ताळाही फसतो.

कापरेकरांचे दुसरे मोठे आवडते क्षेत्र म्हणजे संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत जाणे. २३ घ्या. दोन आणि तीन पाच, म्हणून पुढची संख्या २८. दोन आणि आठ दहा, म्हणून ३८. मग ४९. २३ ही २८ ची जनक झाली, २८ ही ३८ ची. काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ ही ९१ पासूनही निघते आणि १०० पासूनही. काहींना मात्र जनकच नसतो. २०, ३१, ४२, ५३ या अशा संख्या. त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले आणि आपल्या गावाचे नाव देऊन देवळाली संख्याही म्हटले. १९९६ हे साल स्वयंभू होते, २००७ होते, त्यानंतर एकदम २०२२ आणि यापुढचे २०३३ मध्ये येईल. १९६३ मध्ये त्यांनी या संख्यांवर इंग्रजीत एक पुस्तिका देवळालीहून स्वतःच छापून प्रसिद्ध केली. अशा संख्या एकूण संख्यांच्या मानाने किती दाट पसरलेल्या असतात, यावर १९८२ मध्ये उम्बेर्तो झान्निए या इटालियन गणितज्ञाने रीतसर सिद्धांत मांडला. तोवर कापरेकर सत्याहत्तर वर्षांचे झाले होते.

या साखळीबाबत त्यांनी एक युक्ती दाखवली होती, तिच्याकडे प्रोग्रामरांनी मुद्दाम पाहावे. २३, २८, ३८, ४९ या चारही संख्यांतील सर्व अंकांची बेरीज किती? पाच, दहा, अकरा, तेरा, एकूण एकोणचाळीस. पण इतके करायचे कारणच नाही. शेवटच्या संख्येतून पहिली वजा करा, सव्वीस आले, त्यात शेवटच्या संख्येच्या अंकांची बेरीज तेरा मिळवा, एकोणचाळीस. साखळी चारऐवजी चार हजार संख्यांची असली तरी काम तेवढेच. जे एकदा मोजून झाले आहे ते पुन्हा मोजू नये, फक्त काय बदलले तेवढे पाहावे, हे यातले तंत्र.

इंटरनेटच्या ताळ्यातही हेच तंत्र वापरले जाते. पाकिटावर ते आणखी किती राउटर ओलांडू शकेल याचा एक आकडा असतो आणि प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो. एक आकडा बदलला म्हणून शीर्षभागाची सगळी बेरीज पहिल्यापासून करायची का? १९८८ च्या सप्टेंबरमध्ये रॉबर्ट ब्रेडन, डेव्हिड बोरमन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी इंटरनेटचा ताळा जलद कसा काढावा यावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले. त्यात इतर उपायांबरोबर हाही होता की जुन्या ताळ्यात केवळ फरक मिळवावा. १९९० मध्ये याचे एक सोपे सूत्र आले आणि त्यात एक बारीक चूक निघाली. नवाच्या ताळ्यात शून्य आणि नऊ एकच मानतात, हे शाळेत मुलांना नेहमी चकवते. संगणकाच्या ताळ्यात शून्य आणि ६५,५३५ यांचे नाते अगदी तसेच आहे, आणि जगातील निष्णात अभियंतेही नेमके तेथेच चकले. १९९४ मध्ये ती दुरुस्ती झाली.

कापरेकर संख्या म्हणून ज्या ओळखल्या जातात त्यांच्याशी तर हे नाते अधिकच जवळचे आहे. २९७ चा वर्ग ८८,२०९. त्याचे दोन तुकडे करा, ८८ आणि २०९, आणि बेरीज करा, पुन्हा २९७. ७०३ चा वर्ग ४,९४,२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. ४५ चा वर्ग २०२५, आणि वीस व पंचवीस मिळून पंचेचाळीस. मोठी संख्या ठरावीक ठिकाणी तोडायची आणि वरचा तुकडा खालच्यात मिळवायचा, एवढीच ही क्रिया. तीन अंकांवर तोडले तर तो ९९९ चा ताळा होतो, एका अंकावर तोडले तर नवाचा. संगणक दोनाच्या पायावर मोजतो आणि इंटरनेटचा ताळा सोळा बिटांचा आहे, म्हणून तेथे तो ६५,५३५ चा होतो. लिनक्सच्या गाभ्यात बेरीज बत्तीस बिटांत जमा होते आणि शेवटी वरचे सोळा बिट खालच्या सोळांत मिळवून ती घडी घालतात. आधार बदलला, पण ८८ आणि २०९ यांची जी बेरीज देवळालीत झाली तीच ही.

घडी शेवटी घातली तरी चालते, हाच वेगाचा पहिला मार्ग. प्रत्येक पायरीला हातचा परत आणून मिळवायचे कारण नाही. हातचे साठू द्यावेत आणि अखेरीस एकदाच हिशेब चुकता करावा. दुसरा मार्ग त्याहून लाभाचा. बेरजेला क्रम नसतो. मग सोळा-सोळा बिट मोजत बसण्याऐवजी बत्तीस किंवा चौसष्ट बिटांचे मोठे घास घेता येतात. अंकांची अदलाबदल ताळ्याला ओळखता येत नाही हा जो दोष वर सांगितला, त्याच दोषाच्या पोटी हा वेग आहे. पाकिटातील सोळा बिटांचे दोन तुकडे आपसात जागा बदलून बसले तर इंटरनेटच्या ताळ्याला ते मुळीच कळत नाही. शुद्धता आणि वेग यांतील हा सौदा त्या काळी जाणूनबुजून केलेला होता. तिसरा मार्ग गृहिणीला लगेच पटेल असा : धान्य एका डब्यातून दुसऱ्यात ओततानाच निवडून घ्यावे. माहिती स्मृतीत एका जागेवरून दुसरीकडे नेताना ती प्रोसेसरच्या हातातून जातेच, त्याच वेळी बेरीजही करून टाकावी. स्मृतीपर्यंतची दुसरी फेरी वाचते आणि खरा वेळ त्या फेरीतच जात असतो.

आज ही बेरीज बहुतेक वेळा नेटवर्क कार्डच करते आणि गाभ्याला फारसे काही उरत नाही, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पाकिटाच्या पोटात पाकीट असले की उरलेला हिशेब गाभ्याच्याच गळ्यात पडतो. २०२१ च्या अखेरीस गूगलमधील अभियंता एरिक ड्युमाझे यांनी एक्स-८६ प्रोसेसरांसाठी लिनक्समधील ही बेरीज नव्याने लिहिली. आयपीव्ही-६ या पद्धतीचा शीर्षभाग चाळीस बाइटचा असतो, म्हणजे आठ-आठ बाइटचे केवळ पाच आकडे. मोठ्या तुकड्यांसाठी लिहिलेली जुनी पद्धत एवढ्याशा कामालाही सारा जामानिमा करीत होती. तो काढून टाकला.

देवळालीत मात्र या साऱ्याला प्रतिष्ठा नव्हती. अंकांचे हे खेळ दहाच्या पायावर अवलंबून असतात, पाया बदलला की उत्तरे बदलतात, म्हणून त्यांत खोल असे काही नाही, अशी विद्यापीठीय गणितज्ञांची धारणा होती. कापरेकर परिषदांना स्वखर्चाने जात, निबंध वाचत आणि बरेचदा हसण्याचा विषय होत. त्यांचे लेखन साध्या नियतकालिकांत किंवा स्वतः छापलेल्या पुस्तिकांत येई. शाळा मात्र त्यांना आनंदाने बोलावीत आणि तेथे मुलांसमोर ते रमत. विद्यापीठीय आक्षेप अगदीच निराधार नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. ६१७४ दहाच्या पायाबाहेर नाही. पण ताळ्याचे सारे शास्त्र पायावरच उभे असते आणि संगणकाने एक पाया निवडला तेव्हा त्या पायाचे अंकगणित कोणाला तरी करावेच लागले.

निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन पुरत नव्हते. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. उतारवयात कापरेकर गणित व विज्ञानाच्या शिकवण्या करून घर चालवीत आणि वाचतील ते पैसे छपाईला लावीत. मग मार्च १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकातील मार्टिन गार्डनर यांच्या स्तंभात त्यांच्यावर आणि त्यांच्या संख्यांवर सविस्तर लिहून आले. जगभरच्या हौशी गणितज्ञांना देवळाली हे नाव त्या महिन्यात कळले. भारतात ज्यांनी त्यांना गंभीरपणे घेतले नव्हते त्यांनाही ते तेथूनच कळले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते.

१९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले. इंटरनेटच्या ताळ्यावरील ते टिपण त्यानंतर दोन वर्षांनी आले. कापरेकरांच्या स्वतःच्या रीतीने पाहिले तर त्यांचे जन्मसाल १९०५ हे १८८४ पासून निघते आणि मृत्यूचे साल १९८६ हे १९६५ पासून. त्याच्या आदले वर्ष, १९८५, मात्र स्वयंभू होते.